छोट्या पक्षाची पोटनिवडणूक

पोटनिवडणुकीने सरकार पडत नाही आणि सहसा उभेही राहत नाही. आमदार किंवा खासदार निवर्ततो, राजीनामा देतो, एक खुर्ची रिकामी होते आणि उरलेल्या मुदतीपुरती ती भरावयाची असते. व्यवहार इतका साधा. तरीही एखाद्या लहान पक्षाने अशी जागा जिंकली की दुसऱ्या दिवशी 'नव्या पर्वा'ची भाषा सुरू होते. आणि हरलेले मोठे पक्ष, पहिल्या वळवाने विहिरी भरत नसतात, असे म्हणून कूस बदलतात.

राज्यशास्त्राच्या तासाला ब्रिटनमधील पोटनिवडणुकांचा विषय निघाला तेव्हा माझ्या मनात आले की, यासाठी इतक्या लांब जायला नको. नाहूरहून धिमी गाडी पकडून परळला उतरले तरी पुरे. १९७० साली परळ विधानसभा मतदारसंघात जी पोटनिवडणूक झाली तिचा निकाल आजही महाराष्ट्राच्या राजकारणात कुठे ना कुठे निघतो. मात्र तो सांगणारे बहुधा अर्धाच सांगतात.

परळचे तेव्हाचे आमदार कृष्णा देसाई. कम्युनिस्ट पक्षाचे, १९६७ साली निवडून आलेले, गिरणगावात मुरलेले. ५ जून १९७० च्या रात्री लालबागेत त्यांचा खून झाला. कम्युनिस्टांनी थेट शिवसेनेकडे बोट दाखविले. त्या रिकाम्या जागेसाठी ऑक्टोबरात मतदान झाले. एका बाजूला देसाईंच्या पत्नी सरोजिनी देसाई, दुसऱ्या बाजूला शिवसेनेचे वामनराव महाडिक. सेनेची स्थापना १९ जून १९६६ ची, म्हणजे पक्षाला पुरी साडेचार वर्षेही झालेली नव्हती. १९६७ साली ठाण्याच्या नगरपालिकेत ४० पैकी १७ आणि १९६८ साली मुंबई महापालिकेत ४२ जागा, ही तिची कमाई. विधानसभेत मात्र एकही माणूस नाही. महाडिक १,६७९ मतांनी निवडून आले आणि सेनेचे पहिले आमदार झाले.

हा आकडा मी वहीत लिहून घेतला तेव्हा मला वाटले, एवढीशी मते! आमच्या नाहूर स्टेशनच्या पुलावरून सकाळच्या दोन-तीन गाड्यांना इतकी माणसे उतरत असतील. पण या निकालाकडे मतांच्या फरकावरून पाहू नये. तीनच वर्षांपूर्वीची दुसरी एक पोटनिवडणूक शेजारी ठेवून पाहावे.

ती आमच्याच बाजूची. ईशान्य मुंबई लोकसभा मतदारसंघात, ज्यात आज आमचे नाहूर येते, १९६७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत काँग्रेसचे स. गो. बर्वे निवडून आले. त्यांनी कृष्ण मेनन यांना हरविले होते. काँग्रेसने तिकीट नाकारल्यामुळे मेनन अपक्ष उभे होते, आणि नवी कोरी शिवसेना त्यांच्या विरोधात होती. निकालानंतर थोड्याच दिवसांत बर्वे वारले. पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे उभ्या राहिल्या आणि पुन्हा मेनन हरले. म्हणजे १९६७ साली गेलेल्या माणसाच्या बहिणीला मतदारांनी निवडून दिले आणि १९७० साली खून झालेल्या माणसाच्या पत्नीला नाकारले. सहानुभूतीची लाट ही पोटनिवडणुकीतील सर्वांत मोठी लाट मानतात. परळमध्ये ती लाट एका नवख्या पक्षाने अडविली. एखाद्या छोट्या पक्षाच्या विजयाला अर्थ आहे की नाही हे ओळखण्याची मला तरी ही बरी खूण वाटते: त्याने कशावर मात केली?

आता हे कसे घडले? माझे आजोबा तेव्हा लालबागच्या एका गिरणीत बदली कामगार होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली, त्यामुळे या विषयावर पुस्तकांइतकाच मी आजोबांचा आधार घेते. प्राध्यापक मंडळींनी क्षमा करावी. आजोबा सांगतात की गिरणीच्या गेटवर लाल बावट्याची वर्गणी ते नेमाने भरत. पगार, बोनस, साहेबाशी भांडण, यासाठी युनियन. पण चाळीत नळाला पाणी आले नाही, रेशनकार्डावर नाव चढेना, रात्री कोणाला केईएममध्ये न्यायचे झाले, तर धावत यायची ती शाखेतली पोरे. "कामाचं तिथं विचारायचं, नळाचं इथं," असे ते म्हणतात. कम्युनिस्टांचे राज्य गिरणीच्या भोंग्यापासून भोंग्यापर्यंत होते. कामगार घरी आल्यावरचे तास दुसऱ्या कोणी तरी व्यापले होते. त्यात मराठी माणसाच्या नोकऱ्यांचा प्रश्न, त्याचा राग आणि त्या रागाला मिळालेली जोरकस भाषा. ती भाषा मला सगळीच पटते असे नाही. दाक्षिणात्य शेजाऱ्यांविरुद्ध जे बोलले आणि केले गेले ते वाचताना मान खाली जाते. पण ही मते आकाशातून पडली नव्हती, चार वर्षे गल्लीगल्लीतून गोळा केली होती. आजोबांनी स्वतः मत कोणाला दिले, ते मात्र आजतागायत सांगितलेले नाही. "मत गुप्त असतं, सरकारनंच सांगितलंय," एवढे बोलून ते तंबाखू मळू लागतात.

इथवरचा भाग सगळे सांगतात. पुढचा कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते तोच महत्त्वाचा आहे. १९७२ साली विधानसभेची सार्वत्रिक निवडणूक झाली. सेनेचा एकच उमेदवार निवडून आला, प्रमोद नवलकर, आणि तेही गिरगावातून. म्हणजे जे परळ एवढ्या गाजावाजाने जिंकले ते दोन वर्षांतच हातचे गेले. १९७८ साली विधानसभेत सेनेचे कोणीच नव्हते. १९८५ साली पुन्हा एकच, माझगावहून छगन भुजबळ. विसाव्या वर्षी, १९९० साली, एकदम ५२ आमदार आले, आणि १९९५ साली सेनेचा मुख्यमंत्री झाला. खुद्द महाडिक १९८९ साली लोकसभेवर निवडून गेले; पहिल्या विजयानंतर एकोणीस वर्षांनी! १९७० च्या ऑक्टोबरात ज्यांनी 'आता मुंबई आमचीच' म्हणून गुलाल उधळला असेल, त्यांचे केस पांढरे होईपर्यंत विधानसभेत काही हाती लागले नाही. मधल्या काळात पक्ष जगला तो महापालिकेच्या वॉर्डांत. १९८५ साली महापालिका हातात आली ती त्या वॉर्डांच्या जोरावर.

ब्रिटनमधील गोष्ट हुबेहूब अशीच आहे, म्हणून ती इथे सांगते. शिवसेनेची स्थापना झाली त्यानंतर महिन्याभरातच, १४ जुलै १९६६ रोजी, वेल्समधील कार्मार्थन येथे ग्विनफर एव्हान्स यांनी पोटनिवडणूक जिंकून वेल्श राष्ट्रीय पक्षाला, प्लाइड कम्रीला, पहिली जागा मिळवून दिली. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात स्कॉटलंडमधील हॅमिल्टन येथे विनी यूइंग या बाईंनी स्कॉटिश नॅशनल पार्टीतर्फे मजूर पक्षाचा बालेकिल्ला घेतला. आपली भाषा, आपला प्रदेश, लंडनवरचा राग, सगळे ओळखीचे. आणि १९७० च्या सार्वत्रिक निवडणुकीत दोघेही आपापल्या जागी पडले. मोठे पक्ष निर्धास्त झाले असतील. पण ऑक्टोबर १९७४ मध्ये स्कॉटिश पक्षाचे ११ खासदार आले, १९९९ साली स्कॉटलंडला स्वतःचे विधिमंडळ मिळाले आणि २००७ साली याच पक्षाचे तेथे सरकार आले. हॅमिल्टनपासून चाळीस वर्षे.

पोटनिवडणूक जिंकली म्हणजे पुढची निवडणूक जिंकली, हा हिशेब परळलाही चुकला आणि हॅमिल्टनलाही. मग या विजयातून मिळते तरी काय? मला वाटते, लहान पक्षाविषयी लोकांच्या मनात एक पक्का समज असतो, की त्याला दिलेले मत वाया जाते. आमचे बाबा भांडुपच्या कारखान्यात आहेत. दर निवडणुकीला ते म्हणतात, "चांगला माणूस आहे गं, पण येणार नाही निवडून." आणि त्या चांगल्या माणसाला सोडून ते मोठ्या पक्षाला मत देऊन येतात. हजारो बाबा असे म्हणतात म्हणूनच तो माणूस पडतो. पोटनिवडणुकीत सरकार पडण्याची भीती नसते, तेव्हा मतदार थोडा सैल होऊन मनातले मत देतो. आणि एकदा कोणी निवडून आला की 'येणार नाही' हे वाक्य त्या पक्षाविरुद्ध पूर्वीच्या जोराने वापरता येत नाही. परळने सेनेला दिले ते एवढेच. फास्ट गाडी ज्या स्टेशनवर थांबत नाही तिथल्या लोकांना एखादी गाडी थांबण्याचे मोल विचारावे.

हे मोल नेहमी चांगल्याच मार्गाने मिळते असे नव्हे. डिसेंबर १९८७ ची विलेपार्ल्याची पोटनिवडणूक पाहा. सेनेचे डॉ. रमेश प्रभू निवडून आले ते उघड धर्माच्या प्रचारावर. मुंबई उच्च न्यायालयाने १९८९ साली ती निवडणूक रद्द ठरविली, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९५ मध्ये तो निर्णय कायम केला, आणि पुढे बाळासाहेब ठाकरे यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला. पण अंतिम निकाल लागला तोवर आठ वर्षे उलटली होती, १९८९ साली भाजपशी युती झालेली होती आणि राज्यात युतीचेच सरकार बसले होते. पार्ल्यात जे चालले तेच राज्यात चालवून पाहिले गेले. न्यायालयाने आमदारकी काढली. शिकलेला धडा कसा काढणार?

तरीही, पोटनिवडणूक लढलीच जाऊ नये असे जे अलीकडे म्हटले जाते त्याला माझा ठाम विरोध आहे. २०२२ साली शिवसेना फुटली. ठाकरे गटाला नवे नाव आणि 'मशाल' ही निशाणी मिळाली आणि लगेच नोव्हेंबरात अंधेरी पूर्वची पोटनिवडणूक आली. दिवंगत आमदारांच्या पत्नी ऋतुजा लटके उमेदवार होत्या. राज ठाकरे यांनी पत्र लिहून आणि शरद पवार यांनी आवाहन करून निवडणूक बिनविरोध व्हावी असे सुचविले, ती महाराष्ट्राची संस्कृती म्हणून. भाजपने उमेदवार मागे घेतला. पुढे काय झाले? लटके यांना ६६,५३० मते पडली आणि दुसऱ्या क्रमांकावर कोणी माणूस नव्हता, 'नोटा' होता: १२,८०६ मते. जेमतेम ३२ टक्के लोक मतदानाला आले. लटके बाईंच्या दुःखाविषयी मला आदरच आहे. पण एक विचारावेसे वाटते. हीच संस्कृती १९७० साली परळमध्ये पाळली असती तर? तिथेही पतीच्या जागी पत्नीच उभी होती, आणि मृत्यूही नैसर्गिक नव्हता. शिवसेनेचा पहिला आमदार ज्या निवडणुकीतून आला, ती या नियमाने झालीच नसती. ज्या घराण्याचे राजकारण त्या विजयावर उभे राहिले, त्याच घराण्यातून बिनविरोधाची सूचना यावी, याला काय म्हणावे?

मोठ्या पक्षांना बिनविरोध परवडते. त्यांना दुसरी दारे आहेत. आज परळसारख्या एखाद्या वस्तीत चार वर्षे नळाचे, रेशनचे, घराचे काम केलेला कोणी नवा पक्ष असेल, मग तो निळ्या झेंड्याचा असो, लाल असो वा कोणत्याही रंगाचा नसो, तर त्याला एकाच जागेवर सारी माणसे उतरवून लढता येईल अशी निवडणूक ही एवढीच. सार्वत्रिक निवडणुकीत त्याच्या सभेला खुर्च्यासुद्धा भाड्याने मिळत नाहीत.

आणि दार लावून घेण्याचा दुसराही एक प्रकार आहे, ज्याची चर्चा आम्हा विद्यार्थ्यांत फारशी होत नाही. पुण्याचे खासदार गिरीश बापट २९ मार्च २०२३ रोजी वारले. दोन महिन्यांनी चंद्रपूरचे बाळू धानोरकर गेले. सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी असे लोकप्रतिनिधित्व कायदा सांगतो. आयोगाने इतर निवडणुकांची कामे आणि निवडून येणाऱ्याला मिळणारी अपुरी मुदत अशी कारणे दिली. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याची पोटनिवडणूक तातडीने घेण्यास सांगितले. जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. पुणे आणि चंद्रपूर यांना खासदार मिळाले ते थेट जून २०२४ मध्ये, सार्वत्रिक निवडणुकीतून. एवढे मोठे पुणे शहर चौदा महिने लोकसभेत मुके होते. मुदत अपुरी होती म्हणतात, पण परळमध्ये महाडिकांना तरी किती मुदत मिळाली होती? जेमतेम दीड वर्ष.