लोकल म्हणजे कुठला?

इंग्रजी शब्द आपल्या बोलण्यात शिरला की हळूहळू घरचाच होऊन बसतो. पण ‘लोकल’ या शब्दाने आमच्या आदिलाबादेत जेवढी सोंगे घेतली, तेवढी बहुरूप्यालाही जमली नसती. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ साधा : जागा. मुंबईकराची लोकल म्हणजे आगगाडी. दाताच्या डॉक्टरचे ‘लोकल’ म्हणजे तेवढीच जागा बधिर करणारे इंजेक्शन. बाजारात ‘लोकल माल’ म्हणजे स्वस्त आणि हलका. आणि नोकरीच्या अर्जात ‘लोकल’ म्हणजे भाग्यवान! दुकानात ज्या शब्दाला आपण नाक मुरडतो, त्याच्यासाठीच कचेरीत हात जोडतो.

आमचे गाव बेल्याकडचे. पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र. पणजोबांपासून शेती इथेच. गावच्या शाळेतले मराठीचे गुरुजी निवृत्त झाले आणि ती जागा भरली गेली नाही. पोराची मराठी बुडू नये म्हणून दुसरीपासून सातवीपर्यंत त्याला नदीपलीकडे त्याच्या आत्याकडे ठेवले. आठवीला परत आणला. तेलुगू शिकला, पदवीधर झाला. पुढे जिल्ह्यातल्या एका जागेसाठी अर्ज केला, तेव्हा कारकुनाने बोनाफाईडचे कागद उलटेपालटे केले आणि म्हणाला, “ये तो नॉन-लोकल हुआ, पटेल.” मी पट्ट्याचे पासबुक पुढे केले. त्याने ते उघडलेही नाही. त्याचेही चुकले नाही. नियम जमीन विचारत नाही, शाळा विचारतो.

या नियमाला मोठा इतिहास आहे. निजामाच्या राज्यात ‘मुल्की’ हा शब्द होता. बाहेरचे लोक नोकऱ्या बळकावतात म्हणून १९५२ साली आंदोलन झाले, १९६९ साली तेलंगण पेटले. १९७३ च्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१-घ आला, १९७५ साली राष्ट्रपतींचा आदेश निघाला आणि ‘मुल्की’चा ‘लोकल’ झाला. तेलंगणाच्या २०१८ च्या आदेशाने ९५ टक्के जागा लोकलांना राखल्या. त्यासाठी पहिली ते सातवीतली सलग चार वर्षे तरी इथल्या शाळेत हवीत. नियमाशी माझे भांडण नाही. ज्या अन्यायातून तो जन्मला, तो आमच्या आजोबांनीही सोसला होता.

भांडण वेगळे आहे. १९५६ साली किनवट आणि राजुरा आदिलाबादेतून काढून मुंबई राज्यात घातले, पण सोयरिकी काही नकाशाप्रमाणे मोडल्या नाहीत. ११ ऑक्टोबर २०१६ ला उरलेल्या जिल्ह्याचेही चार तुकडे झाले. आसिफाबादचा माझा मेव्हणा आता दुसऱ्या जिल्ह्याचा लोकल. जिवतीच्या डोंगरावरच्या सीमावादातल्या चौदा गावांनी दोन्ही राज्यांच्या शिधापत्रिका बाळगल्या, दोन्हीकडे मतदान केले. तिथला माणूस दोनदा लोकल. माझा मुलगा एकदाही नाही! महाराष्ट्रात अधिवासाच्या दाखल्याला पंधरा वर्षे लागतात. त्याची तिथली वर्षे सहा.

घटनेतच अनुच्छेद ३५०-क आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, अशी पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे तो सांगतो. मग मराठीचा गुरुजी द्यायचा नाही, आणि गुरुजी नाही म्हणून नदीपलीकडे गेलेल्या लेकराची वर्षे मात्र मोजून काढायची, हा कुठला न्याय? सोय करा, नाहीतर ती वर्षे पदरात घाला. दोन्ही नाकारू नका.

आता थोडे आपल्याकडे पाहू. पुण्याचा पाहुणा आला की आपणच ओशाळून सांगतो, “आमची मराठी लोकल आहे हो.” म्हणजे लोकल माल! तेलुगूचा हेल आणि वऱ्हाडीचा ठसका असलेली ही बोली आपल्या आज्यांनी जात्यावर घासून लखलखीत केली आहे. तिची लाज कसली? पोरे इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये बसवायची, मराठी वर्गाचा पट ओस पाडायचा, आणि गुरुजी का येत नाही म्हणून पारावर बोटे मोडायची. पटावर पोरे नसतील तर गुरुजी मागणार कुणासाठी? डॉक्टरचे ‘लोकल’ तासा-दोन तासांत उतरते. आपले अजून उतरलेले नाही.

मीही त्यातलाच. गुरुजींची जागा रिकामी झाली तेव्हा मी कचेरीत अर्ज घेऊन गेलो नाही. पोराचे बोट धरून नदीवर गेलो. तो रस्ता सोपा वाटला, त्याची किंमत पोराने मोजली. आता नातू पहिलीत जाईल. येत्या जूनमध्ये त्याचे नाव गावच्याच शाळेच्या पटावर घालणार आहे, आणि मराठीच्या गुरुजीसाठी गावाचा अर्जही त्याच दिवशी देणार आहे. पहिली सही माझी. खाली जागा मोकळी सोडली आहे.