चाकू म्यानात? नको रे बाबा!

चाकू जमवतो असं कोणाला सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर ठरलेली दोनच एक्स्प्रेशन्स येतात. एक तर तो खुर्ची इंचभर मागे घेतो, नाही तर डोळे चमकवून विचारतो, 'रामपुरी आहे का रे?' स्टॅम्प किंवा घड्याळं जमवणाऱ्यांच्या नशिबी हे भोग नसतात. पण खरं सांगू? तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे कलेक्शन आहेच, फक्त तुम्ही त्याला तसं म्हणत नाही. दार्जिलिंगच्या ट्रिपवरून आणलेली कुकरी, कंपनीने दिवाळीला वाटलेला स्विस पॉकेट नाइफ, ट्रेकसाठी हौसेने घेतलेला ओपिनेल, कुकिंग शो बघून मागवलेला जपानी शेफ नाइफ आणि गावचं घर आवरताना हाती लागलेला आजोबांचा अडकित्ता. झाले की पाच!

आता हे पाचही नग कुठे आहेत ते आठवा. मी पैज लावतो, ज्या कव्हरात आले त्याच कव्हरात, माळ्यावर किंवा कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात. चामड्याच्या म्यानात छान गुंडाळून, 'सेफ' ठेवलेले. आणि इथेच सगळा घोटाळा आहे मंडळी.

चाकूला चोराची भीती नाही, भीती आहे ती हवेची. लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज चढणार, हे आपण शाळेत शिकलो. शाळेत न शिकवलेली गोष्ट अशी की त्यासाठी चाकू भिजावा लागत नाही. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की नुसत्या हवेनेही पोलादाचं गंजणं जोर धरतं. जुलैच्या मुंबईत हा आकडा ऐंशीच्या पुढे आरामात जातो, वर समुद्राचा खारटपणा फुकट. पुणेकरांनी हसू नये. तुमच्याकडे खारी हवा नाही, पण पावसाळ्यात भिंतींना ओल येतेच ना?

'माझा तर स्टेनलेस आहे' असं म्हणणाऱ्यांसाठी थोडं विज्ञान. निदान साडेदहा टक्के क्रोमियम असलं की पोलादाला स्टेनलेस म्हणायचं. डाग कमी पडतील एवढीच त्याची गॅरंटी, मुळीच पडणार नाहीत अशी नाही. हौशी मंडळींच्या लाडक्या डी-टू स्टीलमध्ये जवळपास १२ टक्के क्रोमियम असतं, तरी ते गंजतं, कारण त्यातलं बरंचसं क्रोमियम कार्बनशी गट्टी करून बसलेलं असतं. आणि कुकरी, जुना अडकित्ता, कोकणातला कोयता, 'कार्बोन' असा शिक्का असलेला ओपिनेल, ही सगळी साध्या कार्बन स्टीलची जमात. धार अप्रतिम, तब्येत नाजूक!

आता म्यानाकडे येतो. चामडं कमावताना वापरलेले टॅनिन आणि बाकीची रसायनं आम्लधर्मी असतात आणि ती चामड्यात उरतात. शिवाय चामडं हवेतली ओल पिऊन धरून ठेवतं. म्हणजे चामड्याच्या म्यानात चाकू ठेवणं म्हणजे त्याला ओल्या, आंबट टॉवेलात गुंडाळून झोपवणं. पितळेचे रिव्हेट असले तर त्यांच्याभोवती हिरवा थर दिसेल, तोही याच कारखान्याचा माल. म्यान हे कमरेला लावून फिरण्यासाठी आहे, चार महिने झोपण्यासाठी नाही.

ऑफिसमधल्या एका मित्राकडे त्याच्या आजोबांची कुकरी होती. आजोबा फौजेत होते, निवृत्त होताना युनिटने दिलेली. आजोबा गेल्यावर ती याच्या वाट्याला आली. याने ती जिवापाड जपली, म्हणजे मखमलीच्या पिशवीत घालून, म्यानासकट माळ्यावर ठेवली. दोन पावसाळ्यांनी काढायला गेला तर पातं निघेना. ओढून काढलं तेव्हा एका बाजूला लाल-तपकिरी खड्डे, थेट धारेपर्यंत. वरवरचा गंज पुसता येतो, खड्डा पुसता येत नाही. तो घालवायचा तर आजूबाजूचं सगळं पोलाद तेवढ्या खोलीपर्यंत घासून काढायचं. धारवाल्याने स्पष्ट सांगितलं, करून देतो, पण पात्यावर कोरलेलं आजोबांचं नाव जाईल. मित्राने ती तशीच ठेवली आहे, खड्ड्यांसकट. मला विचाराल तर बरोबर केलं.

ही अक्कल जपान्यांना फार पूर्वीपासून आहे. तिथे तलवारीला दोन पोशाख असतात. मिरवायचं म्यान वेगळं, लाखेचं, नक्षीदार. आणि विश्रांतीचं वेगळं, त्याला म्हणतात शिरासाया. होनोकी नावाच्या मॅग्नोलियाच्या जातीतल्या झाडाचं साधं, बिनपॉलिशचं लाकूड, ना नक्षी ना रंग. पात्याला तेलाचा पातळ हात फिरवायचा आणि त्यात ठेवून द्यायचं. आपण होनोकी कुठून आणणार? पण फंडा उचलायला पैसे पडत नाहीत: मिरवायची जागा एक, झोपायची जागा दुसरी.

मग माझी 'झोपायची जागा' कोणती? किराण्याचा डबा! हसू नका. झाकणाला रबरी गॅस्केट आणि चार बाजूंनी क्लिप असलेला, दहा लिटरचा हवाबंद प्लास्टिकचा डबा. फोटोग्राफर मंडळी लेन्सला बुरशी लागू नये म्हणून 'ड्राय बॉक्स' वापरतात, त्याचाच हा गरीब भाऊ. डब्यात सिलिका जेल टाकायचं. बुटांच्या खोक्यात येते ती पुडी चालणार नाही, ती येईपर्यंत अर्धी दमलेली असते. सुटं सिलिका जेल किलोवर मिळतं. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटच्या केमिकलवाल्यांकडे विचारा, नाही तर ऑनलाइन मागवा. दहा लिटरच्या डब्याला पाव किलो भरपूर. ते सुती पिशवीत बांधून ठेवायचं म्हणजे दाणे डबाभर फिरत नाहीत.

एक सावधगिरी. निळे दाणे दिसायला झकास, ओल प्यायली की गुलाबी होतात. पण ती जादू कोबाल्ट क्लोराइडची असते आणि ते पोटात जाण्यासारखं नाही. मी साधे पांढरे दाणे घेतो. ओल प्यायलेले दाणे स्टीलच्या ताटलीत पसरून ओव्हनमध्ये १२० अंशांवर दीड-दोन तास तापवले की पुन्हा ताजेतवाने. निळे दाणे मात्र ज्या ओव्हनमध्ये केक करता त्यात प्लीज नको.

पांढऱ्या दाण्यांचा रंग बदलत नाही, मग कळणार कसं? त्यासाठी डब्यात काडेपेटीएवढा डिजिटल हायग्रोमीटर टाकायचा. दोन-तीन कॅफे कॉफींच्या पैशात येतो आणि सगळ्या सेटअपमधली हीच खरी कामाची वस्तू आहे. आकडा चाळीस ते पन्नासच्या मध्ये हवा. त्याहून वर गेला की दाणे तापवायची वेळ झाली. फार खाली गेला तर थोडे दाणे काढा, कारण लाकूड, शिंग आणि हाडाच्या मुठी अति कोरड्या हवेत आकसतात, चिरतात. ओपिनेलची गंमत याच्या उलट. फ्रान्सच्या आल्प्स भागात जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये बनवलेला हा लाकडी मुठीचा चाकू आपल्या पावसाळ्यात फुगतो आणि मग पातं काही केल्या उघडत नाही. नखं तुटतात, शिव्या निघतात! चार दिवस या डब्यात ठेवा, गडी पुन्हा सुतासारखा सरळ.

डब्यात ठेवण्याआधी पातं स्वच्छ पुसायचं, कारण बोटांच्या घामात मीठ असतं. घरी पार्टीला आलेला प्रत्येक जण अंगठा फिरवून धार बघतो आणि जाताना पात्यावर आपला गंजणारा ठसा सोडून जातो. (मी आता पाहुण्यांच्या हातात फक्त स्विस नाइफ देतो. फिरवा किती अंगठे फिरवायचेत ते.) मग तेलाचा अगदी पातळ हात. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल नको, काही महिन्यांत चिकट राळ होते. खोबरेल खवट होतं. शिलाई मशीनचं तेल उत्तम. ज्या चाकूने फळं-भाज्या कापता त्याला केमिस्टकडचं लिक्विड पॅराफिन लावा. ते पोट साफ होण्यासाठीही देतात, त्यामुळे केमिस्ट तुमच्याकडे सहानुभूतीने बघेल, तेवढं सहन करा.

गुंडाळायला धुतलेलं जुनं मलमलचं कापड चालतं, पण स्टार्च नसलेलं. वर्तमानपत्र मुळीच नको, तो कागद आम्लधर्मी असतो आणि ओलही धरतो. त्याहून भारी हवं असेल तर व्हीसीआय कागद. सुटे भाग पाठवताना कारखाने तो वापरतात, त्यामुळे भोसरी-चाकणला नोकरी करणाऱ्या एखाद्या मित्राला बरोबर ठाऊक असेल. त्यातून निघणारी वाफ पोलादावर अदृश्य थर देते आणि गंज थांबवते. उघड्यावर ठेवला तर त्याचा दम निघून जातो, म्हणून तोही बंद डब्यातच.

कलेक्शनमध्ये जुना, सेल्युलॉइडच्या मुठीचा पेननाइफ असेल, तर त्याला मात्र या डब्यात घालू नका. जुनं सेल्युलॉइड विरघळायला लागलं की आम्लाची वाफ सोडतं आणि शेजारच्या सगळ्या पात्यांची वाट लावतं. वर ते भयंकर ज्वालाग्राहीही आहे. त्याला वेगळं, हवेशीर ठेवा. एका नासक्या आंब्याने अढी खराब होते, तसलाच प्रकार.

रोजच्या किचन नाइव्हजचं एवढं कौतुक नको. ते वापरात असतात, पुसले जातात, म्हणून जगतात. फक्त खणात चमच्यांबरोबर आपटू देऊ नका. धारेला टोपी म्हणून झेरॉक्सच्या दुकानात प्रोजेक्ट बाइंडिंगला लावतात ती सरकवायची प्लास्टिकची पट्टी घ्या, पात्याच्या मापाने कापा, बसली! मॅग्नेटची पट्टीही छान, पण शेगडीपासून लांब. आणि चाकू लावताना आधी पाठ टेकवायची, मग पातं वळवायचं, नाही तर धार जाते. कार्बन स्टीलच्या पात्यावर निळसर-करडा रंग चढला तर घाबरू नका, तो दोस्त आहे. लाल-केशरी दिसला की त्याच दिवशी हात चालवा: तेल लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी खाण्याच्या सोड्याची पेस्ट कापडावर घेऊन हलकेच चोळा.

मिरवायची हौस? जरूर! कुकरीचं रिकामं म्यान भिंतीवर लावा, पातं डब्यात. पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचं कलेक्शन बघून या, घरातल्या दोन-तीन वस्तू किती देखण्या आहेत ते नव्याने कळेल. मग त्यातला एखादा काचेमागे लावाच. मात्र नव्या एमडीएफच्या बंद शोकेसमध्ये नको, त्यातून निघणारी वाफही धातूला बाधते. आणि घरात लहान मूल असेल तर चर्चाच नाही, डबा कुलपात.

आता खरेदीआधीची एक गोष्ट. शस्त्र नियम २०१६ नुसार ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू, अगदी कुकरीसुद्धा, शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामासाठी बनवलेले तेवढे वगळलेत. ज्या भागांत सरकारने तशी अधिसूचना काढली आहे तिथे असली वस्तू बाळगायला लायसन्स लागतं. तेव्हा नेपाळ बॉर्डरवर 'लास्ट पीस, सर' म्हणणाऱ्याच्या समोर आधी टेप काढा. सणावारी, निवडणुकीत पोलिसांचे मनाई आदेशही असतात, म्हणजे 'मित्राला दाखवायला' बॅगेत घालून लोकलने निघणं बंद. विमानात छोटा पेननाइफही केबिन बॅगेत नको, चेक-इनमध्येच टाका.

फ्लॅट बदलताना माझा डबा मी स्वतः नेतो. नाहीच जमलं, तर प्रत्येक पात्याला जाड पुठ्ठ्याचं कव्हर, दोन्ही टोकांना टेप आणि खोक्यावर मार्करने मोठ्या अक्षरांत, मराठीत आणि हिंदीत: 'आत चाकू आहेत.' खोकं उचलणाऱ्या पोऱ्याला खालून हात घालावा लागतो.