विहिरीचे पाणी आणि विज्ञानाचा तास

पाणी उकळून घेतले म्हणजे ते शुद्ध होते, हे वाक्य आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील बहुतेक विद्यार्थ्यांना मुखोद्गत आहे आणि परीक्षेत ते लिहिणाऱ्यास पुरे गुणही मिळतात. परंतु पांढरकवड्याच्या परिसरात, जेथील भूजलात फ्लोराइडचे प्रमाण कित्येक ठिकाणी सुरक्षित मर्यादा ओलांडून गेल्याचे भूवैज्ञानिकांनी नोंदवून ठेवले आहे, तेथे हेच वाक्य अपुरे, किंबहुना दिशाभूल करणारे ठरते. उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड मात्र जात नाही; पाण्याची वाफ होते, विरघळलेला क्षार मागेच राहतो आणि पातेल्यात उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण कमी होण्याऐवजी किंचित वाढते. भारतीय मानकाने लिटरमागे १ मिलिग्रॅम ही स्वीकार्य आणि दुसरा पाणवठाच नसेल तर १.५ मिलिग्रॅम ही चालवून घेण्याची मर्यादा मुक्रर केली आहे. पण या आकड्यांचा अर्थ लावण्यास जे ज्ञान लागते, म्हणजे बाष्पीभवन, द्रावण, द्रावणातील प्रमाण, ते सर्व तेथील मुलाच्या पाठ्यपुस्तकांत निरनिराळ्या पाठांत विखुरलेले असूनही, त्या पाठांची आणि त्याच्या गावच्या हातपंपाची गाठ घालून देण्याची तजवीज ना परीक्षेत आहे, ना तपासणीच्या नमुन्यात.

विकसनशील देशांतील शालेय विज्ञानशिक्षणावर गेल्या अर्धशतकात जे संशोधन झाले त्याचा परामर्श घेताना आम्ही ही गोष्ट मुद्दाम अग्रभागी ठेवली आहे. संशोधन हा शब्द उच्चारताच आमच्या शिक्षक बंधुभगिनींच्या मुद्रेवर जी एक सौजन्यपूर्ण उदासीनता पसरते ती निष्कारण नाही. अभ्यासक येतात, प्रश्नावली भरून घेतात आणि निघून जातात. त्यांच्या निष्कर्षांपैकी शाळेपर्यंत जे पोहोचते ते बहुधा एखाद्या परिपत्रकाच्या नाही तर साहित्यपेटीच्या रूपाने. आमचे म्हणणे इतकेच की, या संशोधनाचा गाभा पेटीत मावणारा नाही, आणि तो वर्गात उतरावा अशी इच्छा असेल तर नोंदवही शिक्षकाने स्वतःच्या हाती घेतली पाहिजे.

अमेरिकेत १९६६ साली कोलमन यांच्या अहवालाने असे मत रूढ केले होते की, मुलाच्या विद्येत घरच्या परिस्थितीचा वाटा मोठा आणि शाळेचा त्या मानाने अल्प. १९८३ साली हेनमन आणि लॉक्सली यांनी श्रीमंत व गरीब अशा २९ देशांतील मुलांची, मुख्यत्वे शास्त्र विषयातील, गुणवत्ता तपासून जवळजवळ उलट चित्र मांडले: देश जितका गरीब, तितका शाळेचा आणि शिक्षकाचा प्रभाव अधिक. पुढच्या काळातील आकडेवारीवरून हा भेद पुसट झाल्याचे इतर अभ्यासकांनी दाखविले, हे खरे; तरीही ज्या घरात पाठ्यपुस्तकाखेरीज दुसरे छापील पान येत नाही तेथे विज्ञानाचा तास हेच विज्ञानाचे एकमेव द्वार असते, हे सांगावयास आकडेवारीची गरज नाही.

मग त्या द्वारातून आत काय न्यावे? या प्रश्नाला आमच्या दप्तरी व्यवस्थेचे सनातन उत्तर आहे, साहित्य. या उत्तराची कसून परीक्षा पश्चिम केनियात झाली. तेथे शाळांना विज्ञान, गणित, आरोग्य इत्यादी विषयांचे, पाने उलटत दाखवावयाचे मोठे तक्ते द्यावयाचे होते. ज्या शाळांत असे तक्ते आधीपासून होते तेथील मुलांचे गुण अधिक आढळत, त्यामुळे तक्त्यांनी गुण वाढतात असा समज होणे स्वाभाविक होते. परंतु १७८ शाळा घेऊन त्यांतील निम्म्यांना, जणू चिठ्ठ्या टाकून, तक्ते दिले आणि उरलेल्यांशी तुलना केली, तेव्हा दोहोंत दखल घेण्याजोगा फरक दिसला नाही. २००४ साली ग्लेवे, क्रेमर आणि त्यांचे सहकारी यांनी प्रसिद्ध केलेल्या या निष्कर्षाचे मर्म असे की, ज्या शाळेजवळ तक्ते असतात तिच्याजवळ बहुधा आणखीही काही असते, उत्साही मुख्याध्यापक, जागरूक पालक, आणि श्रेय मात्र भिंतीवरच्या तक्त्याला जाते. पाठ्यपुस्तकांच्या वाटपाची याच संशोधकांनी तपासणी केली तेव्हा लाभ झाला तो आधीच पुढे असलेल्या मुलांना. बाकीच्यांना नाही, कारण पुस्तके इंग्रजीत होती आणि ती त्यांच्यापैकी बहुतेकांची तिसरी भाषा होती.

आमच्याकडील प्रयोगसाहित्याची अवस्था वाचकांस ठाऊक आहे. परीक्षानळी फुटली तर डेड स्टॉक रजिस्टरात तिचे उत्तर द्यावे लागते, न वापरलेल्या परीक्षानळीबद्दल मात्र कोणी जाब विचारत नाही. अशा स्थितीत विवेकी मनुष्य कपाटास कुलूप लावतो, आणि त्याला दोष देण्याची आमची इच्छा नाही.

केनियातील पाठ्यपुस्तकांच्या निष्कर्षातील भाषेच्या ज्या अडचणीने जगातील विद्वानांस विचारात पाडले, ती महाराष्ट्रात त्याच्या कितीतरी आधी दृष्टोत्पत्तीस आली होती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या छत्राखाली १९७४ साली मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन झाले आणि प्रा. व्ही. जी. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली त्याने आपल्या आरंभीच्या कार्यक्षेत्रांत जळगाव जिल्ह्यातील खिरोद्याची निवड केली. एका पदार्थविज्ञानाच्या अभ्यासकाने महानगरातील प्रयोगशाळा सोडून खानदेशातील ग्रामीण शाळांच्या शिक्षकांबरोबर बसावे, ही गोष्ट त्या काळी नवलाची होती आणि आजही फारशी सामान्य झालेली नाही. त्यांच्या कार्यातील आम्हांस सर्वांत मोलाचा वाटणारा भाग भाषेविषयीचा आहे. मराठी माध्यमाच्या मुलाला मराठी पुस्तक कळत असलेच पाहिजे हे गृहीत न धरता त्यांनी ते तपासले. विज्ञानाच्या पाठांतील आशय तोच ठेवून वाक्यरचना व शब्दयोजना सुगम केली, तेव्हा ज्यांच्या घरी शिकणारी ही पहिलीच पिढी आहे अशी मुले वर्गात बोलू लागली आणि त्यांचे आकलन वाढले. ज्यास आपण बुद्धिमांद्य समजत होतो त्याचा मोठा हिस्सा वाक्याच्या बांधणीत होता. पुढे १९८० नंतर मुंबई महानगरपालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी व सुधाकर आगरकर यांनी जो उपक्रम चालविला, त्याची कसोटी म्हणून कोणतीही निराळी, सोयीची परीक्षा न घेता सर्वांची शालान्त परीक्षाच ग्राह्य धरली. त्यातील यशाचा वृत्तांत १९८५ साली ग्रंथरूपाने आला. प्रचलित मोजपट्टीनेच आपले काम मोजावयास देण्याचे हे धैर्य आम्हांस संशोधनाइतकेच आदरणीय वाटते.

आता भाषेची ही कसोटी यवतमाळ जिल्ह्यास लावून पाहावी. मराठी माध्यमाच्या त्या मुलाची अडचण घरची मराठी आणि पुस्तकी मराठी यांतील अंतराची होती. झरी जामणीच्या पोडावरील कोलाम मुलाच्या घरी मराठीच नाही. कोलामी आणि गोंडी या द्राविड कुळातील भाषा. पुसद-दिग्रसकडील तांड्यांवर गोरबोली. आणि उरलेल्यांच्या तोंडी वऱ्हाडी. या साऱ्यांच्या हाती एकच पुस्तक पडते, आणि त्यात 'संपृक्त द्रावणात अधिक द्राव्य विरघळविता येत नाही' अशा धाटणीचे वाक्य आले की, पाण्यात मीठ टाकता टाकता ते तळाशी बसू लागलेले ज्याने स्वतःच्या चुलीपाशी शंभरदा पाहिले आहे असा मुलगाही गप्प बसतो. (हे सर्व आम्ही अशा लांब आणि संस्कृतप्रचुर वाक्यांतून सांगत आहोत, ही विसंगती आमच्या नजरेतून सुटलेली नाही, पण हे पृष्ठ शिक्षकांसाठी आहे, आणि शिक्षकाने जड भाषा वाचावी व हलकी बोलावी, यात आम्हांस गैर काही दिसत नाही.) आश्रमशाळांतील शिक्षकांनी कोलामीतील पाऊण-एकशे शब्द जरी आत्मसात केले, ओले-कोरडे, वितळणे, कुजणे, सावली, वजन, असे नित्याचे, तरी त्यांचा लाभ खरेदी केलेल्या कोणत्याही जिनसेपेक्षा अधिक होईल असा आमचा कयास आहे. कयासच, कारण तो तपासून पाहण्याचे काम अद्याप वाचकांकडे आहे.

परीक्षेच्या मोजपट्टीचा प्रश्न निघाला की होशंगाबादचा दाखला दिला जातो, आणि तो योग्यही आहे. एके काळी आमच्याच मध्यप्रांत-वऱ्हाडात असलेल्या त्या जिल्ह्यात १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचे मित्रमंडळ केंद्र यांनी १६ उच्च प्राथमिक शाळांत प्रयोगाधिष्ठित विज्ञान सुरू केले. पुढे ते जिल्हाभर पसरले, १९८२ साली त्यासाठी एकलव्य ही संस्था उभी राहिली आणि २००२ साली सरकारी हुकुमाने ते बंद झाले. तेथे परीक्षाही बदलली होती. पुस्तक उघडे ठेवून उत्तरे लिहावयाची, प्रयोग करून दाखवावयाचा. शिक्षणाच्या दृष्टीने ही रचना निःसंशय श्रेष्ठ. परंतु जी परीक्षा इतर जिल्ह्यांची नाही ती देणाऱ्या मुलांच्या पालकांची समजूत घालणे हे प्रयोग करण्याहून अवघड असते. आम्ही दोहोंपैकी एक निवडावयाचे तर, सध्याच्या दिवसांत, कुलकर्ण्यांची वाट निवडू.

शेजारच्या वर्ध्यात १९३७ साली मांडल्या गेलेल्या नयी तालीम योजनेत टकळी आणि कापूस यांच्या आश्रयाने सर्व विषय शिकवावयाचे होते. ती योजना टिकली नाही, आणि सूतकताईतून रसायनशास्त्र काढणे कित्येकदा ओढाताणीचे होत असे. तथापि कापूस पिकविणाऱ्याच्या मुलास कापसातून विज्ञान भेटावे हा तिचा आग्रह या जिल्ह्यात आज पूर्वीहून अधिक निकडीचा झाला आहे. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना आपल्या जिल्ह्यातील वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर विषबाधेने दगावले आणि शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्याची कारणे अनेक होती. निरनिराळी औषधे एकत्र करून फवारणे, संरक्षक साधनांचा अभाव, उंच वाढलेले पीक, आणि विक्री व देखरेख यांतील ढिलाई. शाळेने त्या सर्वांची जबाबदारी शिरावर घ्यावी असे कोणी म्हणणार नाही. पण त्यांतील काही भाग निर्विवादपणे आमच्या विषयाचा आहे. विष नाकातोंडावाटेच जाते असे नाही, सेंद्रिय फॉस्फरस वर्गातील कीटकनाशके त्वचेतूनही शरीरात शिरतात, आणि घामाने भिजलेला सदरा ती अंगाशी धरून ठेवतो. डब्यावरील चौकटीतील त्रिकोण लाल, पिवळा, निळा की हिरवा, यावरून विषाची तीव्रता कळते, लाल सर्वांत घातक. आणि हिरवा म्हणजे निरुपद्रवी नव्हे. लिटरला दोन मिलिलिटर या प्रमाणाने पंधरा लिटरच्या पंपास किती लागेल, हे त्रैराशिक गणिताच्या तासाला सोडविलेले असते, पण ते शेतातल्या पंपाचे आहे हे कोणी सांगितलेले नसते. द्रावणाचा पाठ शिकविताना आम्ही साखर घेतो, आणि ते बरोबरच आहे, कारण वर्गात विष आणता येत नाही. परंतु साखरेनंतर शाईचा थेंब घेऊन तो एका पेल्यात, दोन पेल्यांत, दहा पेल्यांत पातळ करीत नेला आणि मग त्या त्रिकोणाचे चित्र फळ्यावर काढले, तर त्यास कोणत्याही मंजुरीची अपेक्षा नाही.

कृतिसंशोधन या नावाने जे चालते त्याविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. ते सक्तीचे झाल्यापासून त्यातील संशोधन गेले आणि कृतीही. मुदतीच्या आदल्या दिवशी शीर्षक ठरते, समस्येचे विधान मागील वर्षीच्या प्रतीवरून उतरते, आणि उपायांती विद्यार्थ्यांची प्रगती नेहमीच 'समाधानकारक' आढळते. एकाही अहवालात उपाय निष्फळ ठरल्याचे आमच्या वाचनात नाही. केनियातील तक्त्यांच्या अभ्यासाचे खरे मोल, तक्ते कुचकामी ठरले यात नसून, ते तसे ठरले हे निमूटपणे छापले गेले यात आहे.

यास्तव आम्ही वाचकांपुढे एक लहानसे काम ठेवीत आहोत. सातवी-आठवीच्या वर्गात द्रावणाचा पाठ घेण्यापूर्वी एकच प्रश्न तोंडी विचारावा: पंपात औषध तेवढेच टाकले आणि पाणी निम्मे केले, तर फवारा अधिक विषारी झाला, कमी झाला, की तसाच राहिला, आणि असे का वाटते? पाठानंतर महिन्याभराने तोच प्रश्न पुन्हा विचारावा. शाळेत दोन तुकड्या असतील तर शाईचा प्रयोग कोणत्या तुकडीत करावयाचा हे चिठ्ठी टाकून ठरवावे, आपल्या आवडीने नव्हे. दुसऱ्या तुकडीस तोच प्रयोग नोंदी पूर्ण झाल्यावर दाखवावा. मुलाचे उत्तर त्याच्याच शब्दांत लिहावे, वऱ्हाडी असेल तर वऱ्हाडीत, कोलामी किंवा गोरबोली असेल तर ऐकू येईल तसे देवनागरीत, शुद्धलेखन न सुधारता. गप्प राहिलेल्यांची संख्या स्वतंत्र नोंदवावी. मुलांची व शाळेची नावे वगळून केवळ तालुका लिहावा, आणि दिवाळीच्या सुट्टीपूर्वी कागद आमच्याकडे पाठवावेत. ज्या वर्गात दोन्ही वेळची उत्तरे सारखीच आली असतील, त्या वर्गाचे कागद प्रथम छापण्यात येतील.