ब्रेक कोण तपासणार?

जबलपूर हे गाड्या घडवणारे शहर. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ पासून येथे आहे, सैन्याचे ट्रक बांधणारी व्हेइकल फॅक्टरी १९६९ पासून. कृत्रिम अवयव आणि तीनचाकी सायकली बनवणाऱ्या अ‍ॅलिम्को या केंद्रीय उपक्रमाचे साहाय्यक उत्पादन केंद्रही याच शहरात आहे. इतके कसबी हात हाताशी असूनही दिव्यांग चालकाच्या दुचाकीचा ब्रेक कुठे आणि कसा बसवायचा, हा निर्णय देशात इतरत्र होतो तसा येथेही रस्त्याकडेच्या वेल्डरवर सोडलेला आहे. तो वेल्डर बहुधा हुशार असतो. त्याचे काम तपासणारे मात्र कोणी नसते.

मोटारसायकलची रचनाच धडधाकट चार अवयव गृहीत धरते. उजव्या हाताला पुढचा ब्रेक, उजव्या पायाला मागचा, डाव्या हाताला क्लच, डाव्या पायाला गिअर. यातला एक अवयव वजा झाला की गणित मोडते. बजाज चेतक स्कूटरचे गिअर हातात होते, पण मागचा ब्रेक उजव्या पायाखालीच होता. उजव्या पायाला पोलिओ झालेल्याला तो दाबता येत नसे. १९८४ च्या सुमारास पीथमपूरच्या, म्हणजे मध्य प्रदेशातल्याच, कारखान्यातून किनेटिक होंडा ही स्कूटर आली. तिला गिअर बदलायचे नव्हते आणि दोन्ही ब्रेक हँडलवर होते. तिच्यामागून आलेल्या बिनगिअरच्या स्कूटरांना साइड व्हील लावून हजारो माणसे कामावर, दुकानावर जाऊ लागली. बाजारानेच ही सोय नकळत करून ठेवली होती.

खरी अडचण त्या साइड व्हीलपासून सुरू होते. दोन जादा चाकांमुळे गाडी उभी राहते, तोल सांभाळावा लागत नाही, हे खरे. पण मागच्या चाकावरचा काही भार आता त्या दोन चाकांवर जातो आणि ब्रेक मात्र मधल्या चाकालाच राहतो, कारण बाजारातल्या बहुतेक साइड व्हीलना ब्रेकच नसतो. हलके झालेले मधले चाक जोरात ब्रेक दाबताच लवकर अडकते आणि घसरते. पावसाळ्यात हा धोका वाढतो. वळणावर गाडी झुकत नाही, त्यामुळे तिचा वेग आधीच उतरवावा लागतो. चढावर थांबायचे तर कुबड्या सावरणाऱ्या माणसाला पाय टेकवून गाडी धरता येत नाही. त्याला पार्किंग ब्रेक चैनीसाठी नको असतो, गाडीवर चढण्या-उतरण्यासाठीच लागतो.

एकच हात चालणाऱ्यांचा प्रश्न आणखी नाजूक आहे. दोन्ही ब्रेकच्या केबल एका लिव्हरला बांधल्या की पकडीचा जोर दोन ठिकाणी वाटला जातो, लिव्हर जड होते आणि दोन्ही केबलींचा ताण सारखा नसला तर एक ब्रेक नावापुरता उरतो. वर ती एक लिव्हर तुटली तर दोन्ही ब्रेक एकदम गेले. म्हणून जाणकार कारागीर एकाच मुठीपाशी दोन स्वतंत्र लिव्हर देतो, किंवा त्यातली एक अंगठ्याने दाबायची ठेवतो. ही युक्ती शर्यतीच्या मैदानावर कसाला उतरलेली आहे. ऑस्ट्रेलियाचा मोटारसायकल शर्यतपटू मिक डूहन याचा उजवा पाय १९९२ मध्ये अ‍ॅसेनच्या अपघातात कामातून गेल्यासारखा झाला होता. त्याने मागचा ब्रेक डाव्या अंगठ्याखाली घेतला आणि १९९४ ते १९९८ अशी सलग पाच वर्षे ५०० सीसीचे विश्वविजेतेपद राखले.

कायदा या बाबतीत मुळीच मुका नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात दिव्यांगांसाठी फेरफार केलेल्या वाहनाची व्याख्या आली. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम ४१ मध्ये तर वाहनांत असे बदल करून देण्यासाठी परवडणाऱ्या योजना आखाव्यात, असे सरकारला थेट सांगितले आहे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना दोन्ही चाकांचे ब्रेक जोडणारी यंत्रणा किंवा एबीएस सक्तीचे आहे. स्कूटरवर डाव्या लिव्हरने दोन्ही चाके रोखणारी ही जोडब्रेकची यंत्रणा उजव्या हाताची पकड कमकुवत असलेल्यालाही उपयोगी पडते. मात्र साइड व्हील बसवताना केबल ओढूनताणून वळवली तर कंपनीने साधलेला समतोल तिथेच बिघडतो, आणि नोंदणी पुस्तिकेवर पडलेला फेरफाराचा शिक्का त्याबद्दल काही सांगत नाही.

सरकारी शिबिरांत बॅटरीवरच्या तीनचाकी वाटल्या जातात, छायाचित्रे निघतात. ते वाटप चांगलेच आहे. पण ज्याच्याकडे स्वतःची स्कूटर आहे आणि ती स्वतःला जुळवून हवी आहे, त्याला त्या मांडवात काही मिळत नाही. त्याच्यासाठी जबलपूरच्या अ‍ॅलिम्को केंद्राने शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि व्हेइकल फॅक्टरीतल्या तंत्रज्ञांना सोबत घेऊन एक फिटिंग केंद्र उघडावे. साइड व्हीलला ब्रेक, एका हातासाठी दोन लिव्हर आणि पार्किंग ब्रेक असे मोजके प्रमाणित संच तिथे मिळावेत, आणि गावातल्या वेल्डरांनाच त्यांचे प्रशिक्षण मिळावे. परिवहन कार्यालयानेही नोंदणीपूर्वी चालकाला त्याच्याच गाडीवर, मागे माणूस बसवून, कोरड्या आणि ओल्या रस्त्यावर थांबवून पाहावे, आणि गाडी किती अंतरात थांबली तो आकडा पुस्तिकेत लिहावा. यासाठी नवा कायदा लागत नाही. लागते ती मोजपट्टी, पाण्याचा टँकर आणि आठवड्यातली एक सकाळ.