थर्सायटीस विरुद्ध होमर

थर्सायटीसला तुम्ही ओळखत नाही. ओळखायचं काही कारणच नाय. 'इलियड'मध्ये हजारो ओळी राजांच्या, राजपुत्रांच्या, त्यांच्या ढालींच्या अन् घोड्यांच्या. हा गडी दुसऱ्या सर्गात एकदाच उठतो, बोलतो, मार खातो अन् खाली बसतो. खलास. वीर आला की होमर त्याच्या बापाचं नाव सांगतो. याच्या बापाचं सांगत नाही. सांगतो काय? पाय फेंगडे, एक लंगडा, खांदे छातीवर वाकलेले, डोकं निमुळतं, वर चार केस.

याचा गुन्हा काय? त्याने भर सभेत ॲगमेम्नॉनला विचारलं, की तुझे तंबू लुटीने भरलेत, बाया निवडायचा पहिला मान तुझा, अजून तुला पाहिजे तरी काय? अन् सैन्याला म्हणाला, चला घरी, याला इथंच बसू द्या. बरोबर हेच गाऱ्हाणं पहिल्या सर्गात अकिलीसने मांडलं होतं. अकिलीस देवीचा पोरगा. त्याचा राग महाकाव्याचा विषय झाला. थर्सायटीस बोलला तर ओडिसियसने राजदंडाने त्याची पाठ फोडली. वळ उठला. डोळ्यांत पाणी आलं. अन् सगळं सैन्य हसलं.

दोस्तहो, हे हसणारे राजे नव्हते. दुसऱ्याच्या लढाईत नऊ वर्षं मरणारे साधे शिपाई होते.

या थर्सायटीसवर मी एक दीर्घकविता लिहिली. मार खाल्ल्यावर त्या रात्री तो काय बोलला असेल, त्याची. एका नामांकित मासिकाच्या संपादकाने ती साभार परत केली. सोबत चिठ्ठी : पात्र होमरचं, प्रसंग होमरचा, यात तुमचं काय? याला हल्ली फॅन फिक्शन म्हणतात.

बरं. म्हणा. शिवी दिलीच आहे, तर तिचं कुळ तपासू.

फॅन फिक्शन म्हणजे चाहत्यांचं लिहिणं. दुसऱ्याच्या गोष्टीतली पात्रं उचलायची अन् आपल्या मनातली गोष्ट पुढं लिहायची. मधल्या जागा भरायच्या, मेलेल्याला उठवायचं, शेवट बदलायचा. १९६७ साली अमेरिकेत 'स्टार ट्रेक' या मालिकेच्या चाहत्यांनी 'स्पॉकनेलिया' नावाचा अंक काढला. असे पुष्कळ अंक मग निघाले. आपल्या अनियतकालिकांसारखेच : पैसे पदरचे, हमाली स्वतःची, वाटप हातोहात. आज हेच काम इंटरनेटवर चालतं. पण साहित्याच्या दरबारात त्याला बसायला चटईसुद्धा मिळत नाही.

आता दरबारात गादीवर कोण लोळतंय ते बघू.

होमरनंतर ग्रीकांनी केलं काय? ट्रॉयची गोष्ट जिथं जिथं तुटली तिथं तिथं ठिगळ लावलं. ओडिसियस घरी आला, पुढं काय? 'टेलिगोनी' नावाचं काव्य झालं. सर्सीपासून झालेला ओडिसियसचा पोरगा बापाला नकळत मारतो अन् पेनेलोपीशी लग्न करतो. इकडं टेलिमॅकस सर्सीशी लग्न करतो. आज कुणी पोरीने वहीत असलं लिहिलं तर मास्तर वही फाडेल. इलेक्ट्राची गोष्ट एस्किलसने इ.स.पू. ४५८ मध्ये रंगवली. मग सॉफोक्लीसने तीच घेतली, युरिपिडीसनेही तीच घेतली. वर युरिपिडीसने एस्किलसची टिंगल केली, की पावलाच्या ठशावरून बहीण भावाला ओळखते कशी? इ.स.पू. ४१२ मध्ये त्यानेच 'हेलन' आणलं. त्यात खरी हेलन ट्रॉयला गेलीच नाही. ती इजिप्तमध्ये, अन् ट्रॉयला होती नुसती सावली. दहा वर्षांची कत्तल एका सावलीपायी! ही कल्पनाही त्याची स्वतःची नव्हे. त्याच्या आधी स्टेसिकोरसने ती मांडली होती.

याला म्हणायचं अभिजात. अन् माझ्या कवितेला म्हणायचं उष्टं.

पुढं रोमला चला. लॅटिन साहित्याचा आरंभ इ.स.पू. २४० पासून धरतात. त्या वर्षी लिव्हियस अँड्रोनिकसचं नाटक रोममध्ये झालं. 'ओडिसी' पहिल्यांदा लॅटिनमध्ये आणली ती यानेच. हा ग्रीक माणूस युद्धात पकडला गेला अन् गुलाम म्हणून रोमला आला, असं परंपरा सांगते. म्हणजे ज्या लॅटिनपुढं युरोप दीड-दोन हजार वर्षं नाक घासत होता, तिच्या साहित्याचा पाया एका गुलामाने, तोही दुसऱ्याच्या पुस्तकावर घातलेला.

आता दोन माणसं शेजारीशेजारी उभी करा.

एक टेरेन्स. कार्थेजचा. रोमच्या एका सिनेटरचा गुलाम, नंतर मुक्त केलेला. इ.स.पू. १६६ ते १६० या काळात सहा नाटकं लिहिली. चार मिनँडरच्या ग्रीक नाटकांवरून, दोन अपोलोडोरसच्या. लगेच ओरड झाली, चोर! हा कवी नाही, चोर आहे! 'युनुकस' या नाटकाच्या प्रस्तावनेत टेरेन्सला जाहीर जबाब द्यावा लागला. त्याचं म्हणणं साधं होतं. पळापळ करणारा गुलाम, फसणारा म्हातारा, ही पात्रं सगळेच वापरतात, मग मलाच बंदी का? पूर्वी कुणी बोललं नाही असं काही शिल्लक तरी आहे काय? बरं, चोरीचा आळ पुरला नाही म्हणून दुसरा आला : ही नाटकं याची नव्हेतच, याचे बडे खानदानी दोस्त याला लिहून देतात. बघा गंमत. गुलामाने लिहिलं तर चोरलं. चांगलं लिहिलं तर दुसऱ्याने लिहून दिलं.

दुसरा व्हर्जिल. 'इलियड'मधला इनीअस हा दुय्यम गडी त्याने उचलला. अर्धं महाकाव्य 'ओडिसी'च्या वाटेवरून, अर्धं 'इलियड'च्या. चोऱ्यांची यादी काढणारे त्यालाही भेटले. पण त्याचं काय वाकडं झालं? इनीअस म्हणजे ज्यूलियस घराण्याचा मूळपुरुष, अन् त्या घराण्याचा वारस ऑगस्टस गादीवर. इ.स.पू. १९ मध्ये व्हर्जिल मेला. 'इनीड' जाळा म्हणून सांगून गेला होता. ऑगस्टसने जाळू दिलं नाही, दोन कवींना बसवून प्रसिद्ध करवलं. सम्राटाच्या हुकमाने छापखाना चालला की फॅन फिक्शनचं राष्ट्रीय महाकाव्य होतं. छापखाना तेव्हा नव्हता, हे मलाही ठाऊक आहे. हुकूम होता.

संपादक महाराज, तुमच्या 'क्लासिक' या शब्दाची जन्मपत्री काढू का? रोममध्ये मालमत्तेवरून नागरिकांचे वर्ग पाडले होते. 'क्लासिकस' म्हणजे पहिल्या वर्गातला. सव्वा लाख तांब्याची नाणी किंवा त्याहून जास्त इस्टेट असलेला. हे मी सांगत नाही, दुसऱ्या शतकातला ऑलस गेलियस सांगतो. अन् त्याच गेलियसच्या पुस्तकात हा शब्द पहिल्यांदा लेखकाला लागलेला सापडतो : क्लासिकस लेखक. त्याच्या उलट कोण? प्रोलेटेरियस लेखक. ज्याच्याजवळ पोरंबाळं सोडून काही नाही तो. उत्तम साहित्याचं माप असं खातेवहीतून आलं. आपल्या भाषेने तर त्याच्यावर कडी केली. आपण भाषांतर केलं 'अभिजात'. म्हणजे चांगल्या कुळात जन्मलेलं. रोमने निदान पैसे मोजले, आपण थेट जन्म विचारला. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, पेढे वाटले गेले. पेढा खाताना हा शब्द कुणाच्या घशात अडकला नाही.

टेरेन्सची कहाणी दोन हजार वर्षांपूर्वी संपली असं वाटतं? १७६१ मध्ये पश्चिम आफ्रिकेतून सात-आठ वर्षांची एक पोर बोस्टनला आणून विकली. फिलिस व्हीटली. मालकाच्या घरात ती इंग्रजी शिकली, लॅटिन शिकली, ओव्हिडमधली नायोबीची गोष्ट घेऊन तिने आपली कविता केली. १७७३ मध्ये लंडनला पुस्तक निघालं. पुस्तकाच्या सुरुवातीलाच काय छापलं? बोस्टनच्या अठरा प्रतिष्ठित पुरुषांचं प्रमाणपत्र, की या कविता खरोखर हिच्याच असल्याचा आमचा विश्वास आहे. होमरचं प्रमाणपत्र कुणी मागितलं? तो एकटा होता की दहा जण, यावर पंडितांचं अजून एकमत नाही, तरी गादी हलत नाही. अन् या पोरीने पहिल्याच कवितेत कुणाचं नाव घ्यावं? टेरेन्सचं. तळटीप देऊन सांगितलं, तो जन्माने आफ्रिकन होता. तिने आपला माणूस बरोबर शोधून काढला.

इथं आपल्यातले काही शहाणे टाळ्या वाजवतात. म्हणतात, बघा, व्हर्जिलही फॅनच होता, मग आम्हालाही पंगतीला घ्या. मला ही पंगत नको. दुसऱ्याची गोष्ट उचलली म्हणजे बंड केलं असं होत नाही. व्हर्जिलने गोष्ट उचलली अन् सम्राटाच्या पायाशी ठेवली. ओव्हिडने ब्रिसीसच्या हातात लेखणी दिली. ही अकिलीसची लुटीतली बाई. नवरा अन् भाऊ त्यानेच मारलेले. ओव्हिडच्या पत्रात ती त्यालाच विनवते, की बायको म्हणून नको तर दासी म्हणून ने. आवाज दिला, पण बोलायला लावलं मालकाच्या मनातलं. चाहत्याची खोड ही आहे. तो गोष्टीत कितीही ढवळाढवळ करील, मूर्तीला धक्का लावणार नाही.

सगळ्यात भारी नमुना लुशियनचा. दुसऱ्या शतकातला, युफ्रेटिसकाठच्या समोसाटाचा. सगळ्यांची टर उडवणारा. त्याच्या 'सत्यकथा' नावाच्या धादांत थापेबाजीत तो मेलेल्यांच्या बेटावर जातो अन् थेट होमरला भेटतो. तिथं थर्सायटीसने होमरवर खटला भरलाय, की तू काव्यात माझी बेअब्रू केलीस. वा! वाचताना मी खुर्चीतून उठलो. अन् निकाल? होमर जिंकला. त्याचा वकील कोण? ओडिसियस. ज्याने पाठ फोडली तोच. लुशियनने एका वाक्यात खटला उडवला अन् पुढं गेला. थर्सायटीसचं म्हणणं काय होतं ते त्याने लिहिलंच नाही. मेल्यावरसुद्धा याला वकील नाही.

तर काम हे आहे. 'ओडिसी'च्या बाविसाव्या सर्गात टेलिमॅकस बारा दासींना एका दोरावर लटकवतो. आधी त्यांच्याकडून मढी बाहेर काढून घेतात, रक्त पुसून घेतात, मग फास. मार्गारेट ॲटवूडने २००५ मध्ये 'पेनेलोपियाड'मध्ये त्या बारा जणींना बोलतं केलं. अमेरिकेत अन् कॅरिबियनमध्ये मालक आपल्या गुलामांना सीझर, पाँपी, केटो अशी नावं ठेवायचे, थट्टा म्हणून. डेरेक वॉलकॉटने १९९० मध्ये 'ओमेरॉस' लिहिलं अन् सेंट लुशियाच्या काळ्या कोळ्यांना अकिल, हेक्टर म्हटलं. थट्टेतली नावं माणसांना लागली. हे चाहते नव्हेत. हे हिशेब मागायला आलेले लोक आहेत.

म्हणून संपादक महाराज, तुमचा शेरा मी परत पाठवतोय. फॅन म्हणजे पंखा, राजाच्या बाजूला उभं राहून हलवायचा. ते काम मला जमणार नाही. पात्र होमरचं आहे म्हणता? होमरने त्याला साठ-सत्तर ओळी दिल्या, एक मार दिला अन् एक हशा दिला. बाकी सगळा माणूस बेवारस पडलाय.

अन् तुम्ही, जे रात्री कॉटवर बसून लिहिताय : गोष्ट कुणाची, हे विचारत बसू नका. मार कुणी खाल्ला ते बघा. हसलं कोण, तेही लिहा. तिथं आपलेही असतील.