चूक इंग्रजीत, मूळ मराठीत

‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेन्ट’ हे वाक्य शाळेच्या निबंधात भेटतं, नोकरीच्या अर्जात भेटतं, पदवीधरांच्या बोलण्यातही भेटतं. त्यातला ‘बट’ शिक्षक लाल शाईनं खोडतात आणि पुढच्या निबंधात तो पुन्हा हजर होतो. होणारच! मराठीत ‘जरी’ म्हटलं की मागोमाग ‘तरी’ येतं. इंग्रजीत दोघांपैकी एकालाच जागा आहे. हे कुणी सांगतच नाही, नुसतं खोडलं जातं.

आपल्या इंग्रजीतल्या कितीतरी चुका मराठीचे नियम चोख पाळल्यामुळे होतात. ‘वन ऑफ माय फ्रेंड’ घ्या. आपण ‘माझा एक मित्र’ म्हणतो, एकवचनात. इंग्रजी आधी सगळे मित्र गोळा करते आणि त्यातला एक उचलते, म्हणून तिथे ‘फ्रेंड्स’ लागतं. ‘आय डिडन्ट वेन्ट’चंही तसंच. ‘मी गेलो नाही’ म्हणताना भूतकाळ ‘गेलो’मध्येच असतो. इंग्रजीत ‘डिड’नं काळाचा भार उचलला की मुख्य क्रियापद मोकळं होतं, मूळ रूपात येतं.

‘आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इअर्स’ या वाक्यात तर चुकांची जोडी आहे. मराठीचं ‘पासून’ ‘२०१९पासून’लाही चालतं आणि ‘पाच वर्षांपासून’लाही, शिवाय क्रियापद ‘राहतो’ असं वर्तमानातच असतं. इंग्रजीत सुरुवात कधी झाली ते सांगायला ‘सिन्स’, किती काळ झाला ते सांगायला ‘फॉर’ आणि दोन्हीकडे क्रियापद ‘हॅव बीन लिव्हिंग’. ‘आय डोन्ट नो व्हेअर इज ही’ हे वाक्यही असंच घडतं. ‘तो कुठे आहे’ हे शब्द प्रश्न म्हणून विचारले काय किंवा ‘मला माहीत नाही’ला जोडले काय, मराठीत जसेच्या तसे राहतात. इंग्रजीत प्रश्न मोठ्या वाक्याच्या पोटात शिरला, की कर्ता पुन्हा क्रियापदाच्या आधी येतो: ‘व्हेअर ही इज’.

दोन भाषा शेजारी ठेवून अशा चुकांचा अंदाज बांधता येतो, हा विचार भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट लाडो यांनी १९५७ साली पुस्तकरूपानं मांडला. पण सगळं खापर मातृभाषेवर फोडता येत नाही. ‘ही गो’ म्हणणाऱ्याच्या मराठीत ‘तो जातो’, ‘ते जातात’ असा फरक असतोच. ‘माहिती’चं अनेकवचन आपण करत नाही, तरी ‘इन्फर्मेशन्स’ लिहितो. इथे शिकणारा इंग्रजीचाच नियम नको तिथे ताणतो. भाषा-अभ्यासक पिट कॉर्डर यांनी १९६७ साली हेच सांगितलं: शिकणारा मनाशी कोणते नियम बांधतो आहे, याचा पुरावा त्याच्या चुकांत असतो.

तेव्हा विद्यार्थ्यानं चुकांची वही करावी. डावीकडे आपलं चुकलेलं वाक्य, उजवीकडे दुरुस्त वाक्य आणि खाली एका ओळीत चुकीचं कारण. लिहिलेलं तपासताना एका वाचनात एकच गोष्ट पाहावी: आधी फक्त क्रियापदं, मग फक्त ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’. मराठीत उपपदं नसल्यामुळे ती निसटतात. ‘अ’ की ‘अ‍ॅन’ हे कानानं ठरवावं. म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’, पण ‘अ‍ॅन अवर’. बोलताना मात्र हा हिशेब मांडू नये, नाहीतर वाक्य घशातच अडकतं.

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या कितीतरी पिढ्यांनी इंग्रजी गिरवलं. मनातल्या मनात भाषांतर करून बोलणं अडखळतं, हा त्या पद्धतीवरचा आक्षेप मला मान्य आहे. पण ‘इंग्रजी इंग्रजीतूनच’ या हट्टापायी वर्गातून मराठीच हद्दपार करणं मला पटत नाही. चूक समजावताना मराठीइतकं हाताशी असलेलं साधन दुसरं नाही. मराठीचे आणि इंग्रजीचे शिक्षक एकाच शिक्षकखोलीत बसतात. त्यांनी महिन्यातून एकदा एकमेकांच्या विद्यार्थ्यांच्या वह्या चाळाव्यात. त्याला ना वेगळा निधी लागतो, ना शासन निर्णय.