राक्षसाची ड्यूटी आणि घरातले दोन पक्ष

गेल्या रविवारी ताडीवाला रोडवर एका स्नेह्यांच्या घरी आमचे जाणे झाले. जेवणे आटोपल्यावर नातवाने टीव्हीवर ‘कार्गो’ हा हिंदी चित्रपट लावला. तो संपला तेव्हा घरात सरळ दोन पक्ष पडले होते. चहा गार झाला, पण वाद काही मिटेना!

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आरती कदव या नागपूरच्या लेकीने तो लिहिला आणि दिग्दर्शित केला. २०१९ साली तो मुंबईच्या मामी महोत्सवात दाखवला गेला आणि सप्टेंबर २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर आला. कथा विचित्र आहे. ‘पुष्पक’ नावाच्या अंतराळयानात प्रहस्थ नावाचा राक्षस वर्षानुवर्षे एकटा नोकरी करतो. पृथ्वीवर मेलेली माणसे त्याच्याकडे ‘माल’ म्हणून येतात. त्यांच्या वस्तू काढून घ्यायच्या, जखमा भरायच्या, स्मृती पुसायची आणि पुन्हा जन्माला पाठवायचे, हे त्याचे काम. मग युविष्का ही नवी मदतनीस येते. ना मारामारी, ना गाणी. यंत्रेही जुन्या टीव्हीच्या खोक्यांसारखी!

घरातील काका चिडले. “विज्ञानकथेत विज्ञान नको का? आपल्या पुण्यात डॉ. नारळीकरांनी कथा लिहिल्या, त्यांना शास्त्राचा पाया होता. इथे पुनर्जन्माला बटणे लावली, झाले विज्ञान?” सूनबाईंना मात्र चित्रपट फार आवडला. त्या म्हणाल्या, “मामंजी, राक्षस म्हणजे दात विचकणारा, हेच आजवर बघितलं. हा तर डबा खाऊन ड्यूटी करणारा साधा नोकरदार आहे. रावणाच्या सेनापतीचं नाव त्याला दिलंय, पण माणूस किती सभ्य!” नातू म्हणाला, “स्लो आहे, पण मस्त आहे.”

आजी गप्प होत्या. २०२१ च्या कोरोनात आजोबा गेले. शेवटचे तोंडही पाहता आले नाही. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “बाकी सगळं ठीक. पण आठवण पुसतात ते मला बघवलं नाही. आपल्याकडं तर गेलेल्याच्या आठवणीवर पुढची पिढी उभी राहती.” मग कोणीच काही बोलले नाही.

वाचकहो, आम्ही कोणत्या पक्षात? काकांचा आक्षेप आम्हाला मान्य आहे. आत्मा एका देहातून दुसऱ्या देहात जातो, ही कल्पना बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात नाकारली आहे. मागच्या जन्मीचे पाप म्हणून या जन्मी दारिद्र्य, हा हिशेब आपल्या बापजाद्यांच्या माथी मारला गेला, हे आपण विसरू शकत नाही. पण नीट पाहिले तर या यानात पापपुण्याची वही नाही. श्रीमंत असो की गरीब, सर्वांना तेच टेबल, तीच विचारपूस. ज्यांना पुराणाने राक्षस ठरवले, त्यांच्याच हातून मेलेल्या माणसाची जखम भरली जाते. हे आम्हाला मोलाचे वाटले.

तरी आजींचे म्हणणे मनातून जात नाही. श्राद्ध आणि पिंडदान आपण सोडले, ते बावीस प्रतिज्ञांनी. आठवण सोडली नाही. पुण्यानुमोदनाला बसतो तेव्हा गेलेल्याने काय केले, कोणाला शिकवले, हेच सांगतो ना?

निघताना नातवाने आजीला विचारले, “आजोबा कामावर कसे जायचे गं?” आजी सांगू लागल्या. काकांनी टीव्ही बंद केला आणि तेही ऐकत बसले. आपल्याही घरी असा एखादा चित्रपट मुलांसोबत बसून पाहा, भांडा, आणि मग टीव्ही बंद करून म्हाताऱ्या माणसांना बोलते करा.